काय मान्य आहे, थे त सांग

अकोल्यात रात्रीचे साडेआठ म्हणजे टोकियोत बारा. जठारपेठेतल्या एका घरात आई जेवणं आटोपून, ओटा पुसून, चष्मा लावून सोफ्यावर बसते. वडिलांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावायचा आणि तिच्या स्वतःच्या फोनचा पडदा त्याच्यासमोर धरायचा, ही तिची पद्धत. तिकडे निशी-कासाईतल्या नवव्या मजल्यावर मुलगा त्या थरथरत्या पडद्यावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करतो. बहुतेक वेळा त्याला दिसतो तो छताचा पंखा.

“बापू, हे पाय. खाली म्हणून राह्यलं, ‘मान्य आहे’. दाबू का?”

“दाब ना आई.”

“पन काय मान्य आहे, थे त सांग.”

“काही नसते त्यात. सगळेच दाबतात.”

“सगळे दाबतात म्हणून मीबी दाबू? अन् तूच म्हनतं, काही समजल्याबिगर दाबत जाऊ नको.”

मुलगा गप्प. तो संगणक अभियंता आहे. असली बटणं बनवण्यावरच त्याचं घर चालतं, आणि आईच्या या साध्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.

हा मुलगा कुणी एक नव्हे, त्यामुळे त्याला नाव देण्यात अर्थ नाही. शेगावच्या, बडनेऱ्याच्या नाहीतर अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून पुण्यात चार वर्षं काढायची आणि मग कंपनीनं पाठवलं तिकडे जायचं, या वाटेनं गेलेली वऱ्हाडी मुलं जगभर आहेत. टोकियोच्या एदोगावा प्रभागातलं निशी-कासाई तर भारतीयांचं ठाणंच झालं आहे, आणि तेही एका तांत्रिक बिघाडाच्या भीतीनं. सन 2000 उजाडताना जगातले संगणक तारखेत गोंधळतील या धास्तीनं जपानी बँकांना आणि कंपन्यांना माणसं हवी होती, म्हणून भारतीय अभियंते आले आणि राहिले. पुढे 2019 मध्ये त्याच प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. अशा वस्तीत राहणारा, मामाचं गाव परतवाडा असलेला एक अभियंता डोळ्यांसमोर आणला म्हणजे पुरे.

त्याच्या रोजच्या कटकटी मोठ्या मौजेच्या असतात. जगाला यंत्रमानव पुरवणाऱ्या देशात घर भाड्यानं घ्यायचं तर नावाचा शिक्का कोरून आणा म्हणतात. अर्जातल्या चौकोनांत ‘देशमुख’ मावत नाही. मावला तरी तो जपानी अक्षरांत ‘देशुमुकु’ होतो, आणि पासपोर्टवरचं नाव आणि हे नाव एकाच माणसाचं आहे हे पटवण्यात एक दुपार जाते. सरकारी कामात अमुक माहिती फ्लॉपीवरच द्या असं सांगणारे हजारावर नियम जपाननं अगदी 2024 मध्ये रद्द केले. तोवर त्या फ्लॉपी कागदोपत्री जिवंत होत्या. इकडे भारतातल्या खात्याला हात लावायचा तर ओटीपी अकोल्यात घेतलेल्या सिमवर येतो. ते सिम जिवंत ठेवायला दर महिन्याला रिचार्ज मारायचा, आणि तरी ऐन वेळी ओटीपी येतो तो मुदत संपल्यावर. नोव्हेंबर आला की आईचा हयातीचा दाखला. डिजिटल दाखल्याची सोय 2014 पासून आहे, पण आयुष्यभर भांडी घासून, भाकरी थापून आईच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत आणि यंत्र तिला ओळखत नाही. समोर बसलेली बाई जिवंत आहे की नाही हे ठरवायचं काम यंत्राकडे, आणि बाईनं मात्र पाच वेळा बोट पुसून पुन्हा ठेवायचं.

या कटकटींवर हसता येतं. पण आईचा प्रश्न तसा नाही. जो नाही म्हणूच शकत नाही, त्याच्या ‘हो’ला काय किंमत? असा ‘हो’ म्हणणारा त्या कर्माचा कर्ता ठरतो का? तत्त्वज्ञानातला हा जुनाच प्रश्न. पाणिनीनं कर्त्याची ओळखच अशी सांगितली की क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. मग लगेच अडचण उभी राहते. मूल चालतं, आई मुलाला चालवते. शाळेत याला प्रयोजक क्रियापद म्हणून शिकवतात. चालवणारी आई कर्ता, पण पाय तर मुलाचेच. परंपरेनं चालवणाऱ्याला आणि चालणाऱ्याला, दोघांनाही कर्तेपण दिलं. कुणी सांगितलं म्हणून केलं, तरी करणारा त्यातून पूर्ण सुटत नाही. जठारपेठेत बटणावर बोट आईचं, दाबायला सांगणारा मुलगा आणि बटण बांधणारा तिसराच. यात कर्ता कोण?

या प्रश्नासाठी टोकियोला जायची गरज नाही. वऱ्हाडचा गेल्या दोन शतकांचा इतिहास म्हणजे अशाच एका ‘मान्य आहे’ची गोष्ट आहे.

29 नोव्हेंबर 1803 ला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. 15 डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड पडला आणि दोन दिवसांत देवगावला तह झाला. नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला आणि तो इंग्रजांच्या दोस्ताला, म्हणजे हैदराबादच्या निजामाला मिळाला. निजामानं 1798 मध्येच इंग्रजांची तैनाती फौज पत्करली होती. तैनाती फौज ही मोठी चतुर कल्पना: फौज त्यांची, हुकूम त्यांचा, खर्च तुमचा आणि रक्षणही तुमचंच. एवढ्यानं भागलं नाही. हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटनं निजामाच्या खर्चानं आणखी एक फौज उभी केली, तीच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. पगार थकू लागले, तेव्हा पामर कंपनी नावाच्या सावकारी पेढीनं निजामाला वर्षाला 24-25 टक्क्यांनी कर्ज दिलं. म्हणजे पैसा उसना काढायचा तो परक्या पेढीकडून, आणि तो द्यायचा परक्या हुकमातल्या फौजेला.

देणं साचत गेलं. 21 मे 1853 ला निजाम नासिर-उद्दौलानं नाखुशीनं तहावर सही केली. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने एवढी ती फौज, आणि तिच्या पगारापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभारात गेले. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात. ती कुऱ्हाड गहाण पडली ती दुष्काळासाठी नाही की लढाईत हरल्याबद्दल नाही. ती गेली पाहुण्या फौजेच्या पगारात. 1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, 50 लाखांचं कर्जही माफ झालं. वऱ्हाड मात्र राहिलं. लवकरच अमेरिकेतल्या यादवीनं कापसाला भाव आला, रेल्वे येत होती. असा मुलूख कोण परत देतो? निजामाचे दिवाण सालारजंग 1876 मध्ये लंडनपर्यंत जाऊन आले, काही झालं नाही. 1902 मध्ये लॉर्ड कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. वर्षाला 25 लाख रुपये, आकडा ठरलेला. आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट ब्रिटिश हिंदी लष्करात मिसळून गेली. ज्या फौजेसाठी मुलूख गहाण पडला ती फौजच उरली नाही. गहाणखत तेवढं राहिलं.

यात एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. कंटिंजंटमधले शिपाई इंग्रज नव्हते. शिपाई इथलेच, अंमलदार तेवढे गोरे. 1858 मध्ये सर ह्यू रोज झाशीवर आणि काल्पीवर चालून गेला तेव्हा ही फौज त्याच्या बाजूनं लढली. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, आणि अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यानं भरलेला शेतसारा असा राणी लक्ष्मीबाईच्या विरोधात खर्ची पडला. त्या शेतकऱ्याला कुणी विचारलं होतं? आणि त्या शिपायाला? तेव्हा फौज परकी कशानं होते, याचं उत्तर कातडीच्या रंगात मिळत नाही. ते मिळतं हुकूम कुणाचा चालतो यात.

या गहाणाचा शेवटचा अंक तर थट्टेचाच. 1936 च्या करारात वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व पुन्हा एकदा मान्य केलं गेलं आणि त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. कारभार सगळा मध्यप्रांत सरकारचा, राजपुत्राकडे फक्त नाव. हप्ते फेडून घेतलेला फोन ज्याच्या खिशात आहे आणि त्यातली नको असलेली चार ॲप ज्याला काढून टाकता येत नाहीत, त्यानं या राजपुत्राला हसू नये.

मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे ज्यांनी पाहिली आहे त्यांना तर हे समजावून सांगायलाच नको. कापूस वाहून न्यायला ब्रिटिश भांडवलावर घातलेली ही अरुंद लाइन. स्वातंत्र्य आलं, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी हिची मालकी खासगी कंपनीचीच राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं, रूळ दुसऱ्याचे. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिथं 1994 पर्यंत धावत होतं. आता गाडी बंद आहे.

परतवाड्याला मामाकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या त्या मुलानं छावणीतले उंच छपरांचे जुने बंगले पाहिले होते. ते कुणाचे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. चिखलदऱ्याला सहल गेली तेव्हा गाइडनं सांगितलं की हे ठिकाण 1823 मध्ये हैदराबाद फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सननं ‘शोधलं’. तिथले कोरकू पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर राहत होते, पण शोध लागला तो साहेबाला. असो. तैनाती फौजेचा खरा अर्थ त्याला कळला तो जपानमध्ये.

सुटीच्या दिवशी तो पश्चिम टोकियोत डोंगर चढायला गेला होता. डोक्यावरून करड्या रंगाचं अवजड मालवाहू विमान खाली उतरत गेलं. सोबतचा जपानी सहकारी म्हणाला, योकोता. योकोता हा टोकियोतला अमेरिकेचा हवाई तळ. तिथल्या मोठ्या आकाशपट्ट्याचं नियंत्रण अजून अमेरिकी लष्कराकडे आहे आणि हानेदाहून पश्चिमेला निघालेल्या प्रवासी विमानांना त्या पट्ट्याला वळसा घालावा लागतो, नाहीतर लवकर उंची गाठून वरून जावं लागतं. अभियंत्याला पहिल्यांदा नवल वाटलं ते राजकारणाचं नव्हे, इंधनाचं. रोज किती विमानं, किती वळसा, किती वर्षं!

दुसरं नवल शब्दाचं होतं. अमेरिकी तळांच्या खर्चातला वाटा जपान 1978 पासून उचलतो. त्याला तिकडे रूढ झालेलं नाव ‘ओमोइयारी’ अंदाजपत्रक. ओमोइयारी म्हणजे दुसऱ्याच्या मनाची कदर, कणव. 2022 पासूनच्या पाच वर्षांसाठी हा आकडा वर्षाला सुमारे 211 अब्ज येन आहे. निजामाच्या दरबारात कुणाला असा गोड शब्द सुचला नाही, एवढाच फरक, असं त्याला वाटून गेलं. पण ही तुलना फार ताणण्यासारखी नाही. जपानमध्ये निवडून आलेलं सरकार आहे, संसद हा खर्च मंजूर करते, आणि शेजारी अण्वस्त्रं बाळगून आहेत हे काही खोटं नाही. ‘आम्हाला गरज आहे’ असं म्हणणारे जपानी नागरिक पुष्कळ आहेत आणि त्यांना भित्रे ठरवणं हा दूर बसलेल्याचा उद्धटपणा होईल. प्रश्न पडतो तो निराळा: होकार एकाचा आणि भार दुसऱ्याचा, हे कसं? ओकिनावा म्हणजे जपानच्या भूमीचा जेमतेम 0.6 टक्का. अमेरिकी फौजेच्या खास वापरातल्या तळांची सुमारे 70 टक्के जमीन तिथं आहे. तिथल्याच हेनोकोत अमेरिकी तळाच्या नव्या धावपट्टीसाठी समुद्रात भर घालायची की नाही, यावर 24 फेब्रुवारी 2019 ला ओकिनावाच्या लोकांचं मत घेतलं. मत दिलेल्यांपैकी सुमारे 72 टक्के लोक नाही म्हणाले. भर घालणं थांबलं नाही. त्या मतदानाचा निकाल कायद्यानं बंधनकारक नव्हता.

जपानमध्ये नाही म्हणणाऱ्यांची जी परंपरा आहे, तिचा एक धागा थेट विदर्भात येतो. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी बौद्ध भिक्षू 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. निप्पोनझान म्योहोजी हा त्यांचा पंथ. हातपंख्याच्या आकाराचा चपटा ढोल वाजवत पुंडरीक सूत्राचं नाम घेत चालायचं, ही त्यांची साधना. ते नाम पुढे आश्रमाच्या प्रार्थनेतही शिरलं. 1955 मध्ये टोकियोजवळच्या सुनागावा गावात अमेरिकेच्या ताचिकावा तळाची धावपट्टी वाढवायला जमीन मोजायचं काम निघालं. शेतकऱ्यांनी ठरवलं की मोजणीची खुंटी शेतात ठोकता येईल, मनात नाही. विद्यार्थी आले, कामगार आले आणि पुढच्या वर्षीच्या झटापटीत पोलिसांच्या रांगेसमोर हे भिक्षूही ढोल वाजवत बसले. या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या खटल्यात 1959 च्या मार्चमध्ये न्यायाधीश दाते यांनी निकाल दिला (होय, जपानी आडनावही दाते असतं!) की परकी फौज देशात ठेवणं हे राज्यघटनेच्या नवव्या कलमाविरुद्ध आहे. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. हा विषय फारच राजकीय, न्यायालयानं त्यात पडू नये, असा त्याचा सूर. पण धावपट्टी काही वाढली नाही. 1977 मध्ये ताचिकावाचा तळ जपानला परत मिळाला.

त्याच 1955 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेले, मोझरीच्या गुरुकुंजाचे तुकडोजी महाराज विश्वधर्म परिषदेसाठी जपानमध्ये होते आणि तिथं खंजिरीवर भजन करत होते. सुनागावाच्या शेतकऱ्यांची आणि त्यांची गाठ पडली असं म्हणायला आधार नाही, आणि तसं जुळवायची गरजही नाही. एका देशात, एका वर्षात, एकीकडे भिक्षूंचा ढोल आणि दुसरीकडे वऱ्हाडची खंजिरी, एवढं चित्र पुरेसं आहे. महत्त्वाचं हे की तुकडोजी महाराज काही भाबडे शांतिवादी नव्हते. 1942 च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. 1962 च्या आणि 1965 च्या युद्धात आपल्या जवानांना धीर द्यायला ते सीमेवर गेले. परक्याच्या फौजेला नाही आणि आपल्या फौजेला हो, यात त्यांना विसंगती दिसली नाही.

पण ‘आपली’ फौजही कुणाची तरी परकी असते. 1987 ते 1990 भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती, आणि ती तिथून निघाली तेव्हा तिला निरोप देताना फारसं कुणी रडलं नाही. मालदीवमध्ये भारताचे शंभराच्या आतच सैनिक होते, दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान सांभाळायला, आणि तेही बहुतेक रुग्णांना हलवण्यासाठी. तरी तिथल्या निवडणुकीत तो मुद्दा झाला. मे 2024 पर्यंत सैनिक परत आले आणि त्यांच्या जागी गेले भारताचे नागरी तंत्रज्ञ. तीच हेलिकॉप्टरं, तीच दुरुस्ती, फक्त गणवेश नाही. निशी-कासाईतल्या अभियंत्यानं ही बातमी दोनदा वाचली म्हणतात. सैनिक गेला की त्याच्या जागी अभियंता येतो, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

खरं तर कुणाच्याही खिशात डोकावलं तर एक परकी फौज सापडते. अकोल्याच्या रिक्षावाल्याला पत्ता दाखवणारं जीपीएस अमेरिकेचं लष्कर चालवतं. त्याचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून फुकट संदेश पाठवतात, पण मे 2000 पर्यंत ते लष्कर नागरी संदेशात मुद्दाम चूक घालत असे. सुमारे शंभर मीटरची. म्हणजे टिळक रोडवरचा माणूस पलीकडच्या गल्लीत. चूक काढून टाकली तीही त्यांनीच. यावर उपाय म्हणून भारतानं ‘नाविक’ उभारलं, तर त्याच्या उपग्रहांतली आयात केलेली आण्विक घड्याळं बंद पडली. स्वावलंबनाच्या पोटातही आयात केलेलं घड्याळ निघतं! जुलै 2024 मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं जगभरचे 85 लाख संगणक कोलमडले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मोडलं कुणी? रक्षणाला ठेवलेल्यानं. आणि जुलै 2025 मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर गुजरातेतल्या वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीची ईमेल आणि इतर सेवा मायक्रोसॉफ्टनं काही दिवस बंद केल्या. कंपनी भारतातली, कामगार भारतातले, पैसे भरलेले. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा सुरू झाल्या.

म्हणून कुणावरच अवलंबून राहायचं नाही, असं म्हणणारे स्वदेशीचे पोवाडे गातात. ते ऐकायला बरे वाटतात, पण धर्माची परंपरा तसं सांगत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं लागतात असा विचार आहे. त्यांत कर्ता एक, साधनं निराळी, आणि शेवटी दैवही. एकट्याच्या बळावर काहीच होत नाही हे मान्य करूनच ती चर्चा चालते. वारकऱ्याची तर सगळी भिस्त शरणागतीवर. पण वारकरी ज्याला शरण जातो तो विठ्ठल त्याच्या शेतावर बोजा चढवत नाही.

संमतीच्या बाबतीत धर्मग्रंथ कधी कधी चकित करतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात जबरदस्तीनं लिहून घेतलेला दस्त न झाल्यासारखा धरावा असं सांगितलं आहे. 1853 चा तह या कसोटीवर टिकला नसता. पण ज्या ग्रंथात हे आहे, त्याच ग्रंथानं अर्ध्याहून अधिक समाजाला न विचारता त्याची जागा ठरवून दिली. 25 डिसेंबर 1927 ला महाडला त्याची होळी झाली, ती यासाठीच. जन्माबरोबर आलेल्या ‘मान्य आहे’ला दिलेला तो नकार होता.

आणि खरा होकार कसा असतो, तेही विदर्भानंच पाहिलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांना दीक्षा दिली तेव्हा धर्म बदलला, एवढं म्हणून त्यांनी भागवलं नाही. बावीस प्रतिज्ञा एकेक करून म्हणवून घेतल्या. कोणते देव मानणार नाही, कोणते विधी करणार नाही, चोरी करणार नाही, दारू पिणार नाही, सगळं सुटं सुटं, मराठीत, मोठ्यानं. गावोगावहून पायी, बैलगाडीनं आणि आगगाडीनं आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपण काय सोडतो आहोत आणि काय धरतो आहोत हे कलमवार ठाऊक होतं. अटी वाचून न दाखवता सही घेणाऱ्या जगात हा सोहळा अजून पुरेसा अभ्यासला गेलेला नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज यांचं उदाहरण आणखी जवळचं. 1881 मध्ये जन्म, वर्षाच्या आतच दृष्टी गेली. तरी वेदान्तापासून डार्विन-स्पेन्सरपर्यंत सगळ्यांशी त्यांनी वाद घातला आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ सांगितले. सांगितले, कारण लिहिणारा हात दुसऱ्याचा आणि वाचणारे डोळेही दुसऱ्याचेच. इतकं परावलंबी आयुष्य क्वचितच कुणाचं. पण वाचणाऱ्याला ते थांबवू शकत, मागचं पान पुन्हा वाच म्हणू शकत, हे पुस्तक ठेव आणि ते आण म्हणू शकत. निजामाला कंटिंजंट नको म्हणता आलं नाही. अवलंबून दोघंही होते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं हाच मुद्दा कायद्याच्या भाषेत घेतला. संमती मोकळी, विशिष्ट आणि समजून दिलेली असावी, आणि ती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय असावी. त्या परिशिष्टात मराठी आहे. वऱ्हाडी नाही, पण तेवढं चालवून घेता येईल.

“मंग वाचून दाखव,” आई म्हणाली.

टोकियोत साडेबारा वाजून गेले होते. मुलानं स्वतःच्या फोनवर तेच ॲप उघडलं, अटींची पानं खाली सरकवली. सरकवतच राहिला. इंग्रजीत होती. पहिलं कलम त्यानं मनात मराठीत आणून पाहिलं, मग मोठ्यानं सांगायला लागला: तुमची माहिती आम्ही आमच्या सहयोगी संस्थांना…

“सहयोगी म्हणजे कोन?”

“ते नाही लिहिलं.”

“किती पानं आहेत?”

“एकेचाळीस.”

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. मागं वडिलांच्या खोकल्याचा आवाज आला. “राहू दे आज. तुले सकाळी ऑफिस आहे. रविवारपासून वाचू, रोज दोन-दोन पानं. हे बंद कसं करू?”

“वर फुली असेल बघ.”

फुली नव्हती. तिनं पडदा वडिलांच्या फोनसमोर धरला, या वेळी अगदी सरळ, पंखा न दाखवता. खाली दोन चौकोन होते. एकावर ‘आता’, दुसऱ्यावर ‘आज रात्री’.